चोर्ल्याने उतरून तिलारीने वर

आपण ‘घाटावर’ राहतो आणि ‘कोकणात’ उतरतो. ‘घाटात राहतो’ किंवा ‘कोकणावर जातो’ असे कोणी म्हणत नाही. दिशा सांगण्यासाठी उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम हे शब्द आपल्या भाषेत आहेत, पण सह्याद्रीच्या या टोकाला ते क्वचितच वापरले जातात. इथे दिशा दोनच : वर आणि खाली. कन्नड माणूसही ‘घट्टद मेले’ आणि ‘घट्टद केळगे’ असेच बोलतो, म्हणजे घाटावर आणि घाटाखाली. राज्यांच्या सीमा नकाशावर आडव्या-उभ्या रेघांनी आखल्या जातात. बोलीची सीमा मात्र उंचीवर ठरते, असे मी कित्येक वर्षे व्याख्यानांतून सांगत आलो आहे. गेल्या ऑक्टोबरात ते एका दिवसात, मोटारीत बसून, कानांनी पडताळून पाहण्याचा योग आला.

निमित्त माझ्या आत्याचे. तिचे माहेर जांबोटीच्या बाजूचे, आणि ती दिलेली चंदगड तालुक्यातल्या हेरे गावापलीकडच्या एका खेड्यात. गणपतीला माहेरी येऊन ती महिनाभर आमच्याकडे बेळगावात राहिली होती आणि आता तिला सासरी पोचवायचे होते. शिनोळीच्या रस्त्याने हे काम दीड-दोन तासांचे. पण तिला साखळीच्या विठ्ठलापुरातला विठोबा पाहायचा होता, आणि वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ‘पुढल्या खेपेला जाऊ’ या वाक्यावर तिचा विश्वास उरलेला नाही. म्हणून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा, केरी, साखळी, डिचोली करत दोडामार्ग गाठायचे आणि तिलारीचा घाट चढून पुन्हा वर यायचे, असा वळसा ठरला. दोन घाट, तीन राज्ये. गाडी माझा भाचा चालवत होता. तो तिला आज्जी म्हणतो.

आत्याचे लग्न १९५५ सालचे. तेव्हा माहेर आणि सासर दोन्ही बेळगाव जिल्ह्यात, मुंबई राज्यात होती. पुढल्या वर्षी राज्य पुनर्रचनेचा कायदा आला. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात जाईल, मात्र चंदगड तालुका वगळून, अशी त्यात तरतूद होती. त्या एका ‘वगळून’ने आत्याचे सासर मुंबई राज्यात राहिले, कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. खानापूर तालुका वगळला गेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी सोळा-सतरा वर्षांची ही सासुरवाशीण चुलीपुढे बसली होती, तेव्हा तिचे माहेर दुसऱ्या राज्यात गेले होते. तिला ते काही महिन्यांनी कळले.

पिरनवाडी, किणये मागे पडले तेव्हा धुके होते. पावसाळा नुकताच सरलेला. भात पिवळे पडू लागले होते, चढणीच्या वाफ्यांत नाचणीची कणसे मुठी वळून उभी होती आणि रस्त्याच्या कडेला सोनकी अजून टिकून होती. कुसमळीला मलप्रभा ओलांडली. इथे ती अगदी लहान आहे. जन्मून तिला फार अंतर झालेले नाही. जांबोटीपासून झाडी दाटत गेली, हवा ओली झाली, आणि वळणांवर गाडीच्या दिव्यांत वानरे दिसू लागली.

आत्या मागच्या आसनावर खिडकीशी बसली होती. तिला एक सवय आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या पिढीच्या बायकांना ती असते : दिसेल ते अक्षर मोठ्याने वाचायचे. दुकानाची पाटी, बसवरचे नाव, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर. त्या दिवशी जांबोटीपर्यंत ती जवळपास गप्प होती. हमरस्त्यावरच्या फलकांवर वर कन्नड, खाली रोमन. मराठी अक्षरे दिसली ती एका देवळाच्या कमानीवर, एका युवक मंडळाच्या फलकावर आणि घरावरच्या ‘श्री गणेशाय नमः’मध्ये. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने दुकानांच्या फलकांवरचा साठ टक्के भाग कन्नडला देणे सक्तीचे झाले आहे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे तत्त्व भाषावार राज्ये झाली त्या काळापासून मान्य झालेले आहे. खानापूर तालुक्यात मराठी भाषक पंधरा टक्के आहेत की नाहीत, हा प्रश्न विचारणारा माणूस जांबोटीच्या बाजारात एकदा उभा राहिला तरी त्याला उत्तर मिळेल.

दोन वर्षांपूर्वी माहेरच्या शेताच्या कागदावर आत्याची सही लागणार होती. भावाच्या नावे हक्क सोडायचा होता, त्यात तक्रार काहीच नव्हती. कचेरीत कागद पुढे आला तो सारा कन्नडमध्ये. आत्याने चष्मा लावला, कागद हातभर दूर धरला, जवळ आणला आणि विचारले, “ह्यात काय लिहिलंय?” कारकून भला माणूस होता, त्याने तोंडी सांगितले. तिने पुन्हा विचारले, “तुम्ही सांगितलासा ते खरं. पण लिहिलंय काय?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी भाच्याने कागद वाचून त्याचा अर्थ सांगितला आणि तिने खाली मराठीत सही केली. ज्या गावच्या शाळेत ती अक्षरे गिरवायला शिकली, त्याच गावच्या जमिनीचा तो कागद होता. शेतजमिनीच्या उताऱ्याला कन्नडमध्ये ‘पहणी’ म्हणतात. शब्द आपला ‘पाहणी’च. तो शब्द तिला वाचून दाखवल्याबरोबर कळला. लिहिलेला कळला नाही.

या भागातल्या बोलीविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण प्रमाण मराठीच्या अभिमान्यांना ती आवडत नाही. बेळगावकडचा माणूस ‘काय करतोयस?’ असे विचारत नाही. तो ‘काय करूलालास?’ असे विचारतो. पुण्याचे पाहुणे यावर हसतात. ‘करायला लागलास’ याचे हे आक्रसलेले रूप. आता उत्तर कर्नाटकातली कन्नड पाहा. तिथे ‘मी करतो आहे’ याला ‘माडाकत्तेनि’ म्हणतात आणि त्याचे मूळ ‘माडलिक्के हत्तेनि’, म्हणजे ‘करायला लागलो’. ‘हत्तु’ या कन्नड धातूचे अर्थ चढणे, चिकटणे, लागणे. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी शेजारी राहून, चालू क्रिया सांगण्याची एकच रीत उचलली. बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, तेही पाहुण्यांना खटकते. कन्नडमध्ये प्रथम पुरुषाच्या क्रियापदाला लिंग नसते, हे त्यांना ठाऊक नसते. भाषा शेजाराने अशा बदलतात आणि त्यात कुणाचे काही हरवत नाही. कन्नडशी आमचे भांडण नाही आणि नव्हते. जिच्याकडून आम्ही क्रियापदाचे वळण घेतले तिच्याशी भांडायचे कसे? भांडण आहे ते कागदाशी.

कणकुंबीला चहासाठी थांबलो. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. ती इथून पूर्वेला निघते, कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. त्याच गावच्या हद्दीतला कळसा नाला पश्चिमेकडे वळून म्हादईला मिळतो आणि मांडवीतून अरबी समुद्र गाठतो. एका गावचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो, आणि याच पाण्यावरून दोन राज्यांचे भांडण लवादापर्यंत गेले, २०१८ साली निवाडा झाला, तरी वाद मिटलेला नाही. नावाचाही घोळ आहेच. गोव्यात आणि आमच्याकडे ‘म्हादई’, सरकारी कन्नड कागदांत ‘महादायी’. बोलता बोलता झिजून गोल झालेल्या शब्दाला पुन्हा संस्कृतचे कोपरे काढून दिले की असे होते.

चहावाल्याने विचारले, “कुठनं आलासा?”

हे वाक्य मी वहीत टिपून ठेवले. मला दिवसभर हेच वाक्य हवे होते. अनोळखी माणसाला कोणीही विचारतो असा हा प्रश्न, आणि त्यात बोलीच्या साऱ्या खुणा असतात. बाकड्यावर बसलेल्या दोघी बायकांच्या बोलण्यात ‘तुला’ही ऐकू येत होते आणि ‘तुका’ही, एकीने तर एकाच दमात दोन्ही वापरले. पाणलोट जिथे दुभंगतो तिथेच विभक्तीचा प्रत्ययही दुभंगत होता. मी हे भाच्याला सांगितले, तर तो म्हणाला, “मामा, चहा गार व्हायलाय.”

चोर्ल्याच्या परिसरात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या हद्दी एकत्र येतात. रस्त्यावरून ते काही कळत नाही. कळते ते एवढेच, की एका वळणावर डावीकडची जमीन अचानक संपते आणि पुढे नुसती हवा असते. खाली हिरव्या रंगाच्या इतक्या तऱ्हा होत्या की त्यांना नावे देणे शक्य नव्हते. वरच्या कड्यांवरून पावसाळ्यातल्या धबधब्यांच्या बारीक उरलेल्या धारा लोंबत होत्या, आणि त्यांचा आवाज पोचायला जरा वेळ लागत होता. भाच्याने गाडी कडेला घेतली. आत्या उतरली, पदर डोक्यावरून घेतला आणि खाली पाहत उभी राहिली. तिच्या लहानपणी गवळी-धनगर या वाटांनी दुधा-तुपाचे हंडे घेऊन उतरत, मीठ आणि सुके मासे घेऊन वर येत. तिच्या आईच्या मीठ मोजण्याच्या मापाचे नावही खालचेच होते. तिने ते सांगितले. मी ते आजवर कुठल्या कोशात पाहिलेले नाही, म्हणून इथे लिहिण्याआधी आणखी दोघा-तिघांकडून ऐकायचे ठरवले आहे.

घाट उतरताना कान दडपतात आणि अंगातला गारठा एकेक वळणाला निघून जातो. वरची उंच, ओली, शेवाळलेली झाडी संपून माड, पोफळी, कुळागरे दिसू लागतात. वर ज्याला आपण ओढा म्हणतो त्याचा खाली व्हाळ होतो. वरच्या माळाचा खाली सडा होतो. पाणी तेच, दगडही तोच तांबडा.

केरीच्या अलीकडे गोव्याचा फलक लागला आणि आत्याने एकदम मोठ्याने वाचले, “येवकार!” म्हणजे स्वागत. मग पुढच्या पाच-सात मैलांत तिने एकही फलक सोडला नाही. कोकणी शब्द होते, पण अक्षर देवनागरी होते. अर्थ लागो न लागो, तिला वाचता येत होते. गोव्यात १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. कोकणी आणि मराठी यांच्या नात्यावरचा जुना वाद मी इथे उकरणार नाही. त्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई सांडली आहे आणि मधल्या लोकांनी दोन्ही भाषा सोडून इंग्रजी शाळा गाठल्या आहेत.

मला या टापूत गावांच्या नावांनी नेहमी खिळवून ठेवले आहे. अंजुणे, मोर्ले, पुढे डिचोली तालुक्यातले लाटंबार्से, उत्तरेला पेडणे. रोमन फलकांवर या सर्वांच्या शेवटी ‘एम’ हे अक्षर दिसते, आणि पर्यटक ती नावे ‘पेर्नेम’, ‘मोर्लेम’ अशी म म्हणत ओठ मिटून उच्चारतात. पोर्तुगीज लेखकाने तो ‘एम’ ओठ मिटण्यासाठी लिहिलेला नाही. त्याच्या भाषेत शब्दाच्या शेवटचा ‘एम’ हा स्वर नाकातून म्हणायची खूण असते. त्याने गावकऱ्याच्या तोंडून ‘पेडणें’, ‘मोर्लें’ असे ऐकले आणि जसे ऐकले तसे, इमानाने, लिहून ठेवले. हाच अनुस्वार आपणही लिहीत होतो : सोनें, तळें, केळें, पुणें. संस्कृतातल्या नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटच्या ‘म्’चा तो उरलेला ठसा. सुवर्णकम् पासून सोनें झाले, तेव्हा ‘म्’ गेला आणि नाकात गुंजन ठेवून गेला. मग १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ज्यांचा स्पष्ट उच्चार होत नाही ते अनुस्वार आपण काढून टाकले. लिहिणाऱ्यांची सोय झाली, मुलांचे गुण वाढले, मला त्याचे दुःख नाही. पण आज ‘पेडणे’ या मराठी लेखनात जे ऐकू येत नाही, ते परक्या राज्यकर्त्याच्या रोमन लेखनात शाबूत आहे. पुणे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले असते तर त्याच्याही शेपटीला एक ‘एम’ लागला असता, आणि आपण त्यावर अग्रलेख लिहिले असते.

साखळीला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. विठ्ठलापूर वाळवंटी नदीच्या काठी आहे, आणि राण्यांच्या या परिसरात विठोबा कसा आला, याविषयी गावात सांगायला माणसे तयार असतात. देवळात गर्दी नव्हती. आत्याने बराच वेळ उभ्या उभ्या डोळे मिटून घेतले. बाहेर फुले विकणाऱ्या मुलीशी ती काय बोलते याकडे माझे लक्ष होते. घरात, बेळगावात, महिनाभर ‘मला’ म्हणणारी आत्या तिला म्हणाली, “माका दोन माळो दी.” तिने हे ठरवून केले नव्हते. मुलीने माळा दिल्या आणि विचारले, “आजये, तुमी खंयच्यान आयल्यात?”

वहीत दुसरी नोंद झाली.

भिंतीवर जत्रेतल्या नाटकाचे पत्रक चिकटवलेले होते : नाटक मराठी, कलाकार गावचे. बेळगावचे ‘तरुण भारत’ इथेही निघते. चहाच्या टपरीवर ते पसरलेले होते. बोलणे कोकणी, वाचणे मराठी, देवाशी बोलणे मराठी, देवळाच्या दाराशी बोलणे कोकणी, असा हा व्यवहार सत्तरी-डिचोलीच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तो ज्यांना गोंधळ वाटतो त्यांनी इथे काही दिवस राहावे. जेवायला एका खाणावळीत शिरलो. पातळ भाजी, पाव, मिरचीची भजी. मी वही उघडून बसलो होतो, वाढणारा पोरगा आला आणि म्हणाला, “क्या लाऊँ?” तो बिहारचा निघाला. त्याच्या वाक्याची नोंद मी केली नाही. आता वाटते, करायला हवी होती का? तोही या रस्त्याचा आवाज आहेच.

लाटंबार्शावरून दोडामार्गला आलो. हद्दीवर पोलिसांनी डिक्की उघडायला लावली. गोव्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत काय शोधतात ते सर्वांना ठाऊक आहे. आत सापडले आत्याच्या माहेरचे तांदूळ, नाचणीचे पीठ आणि विठोबाचा प्रसाद. साटेली-भेडशीला एका दुकानात नारळ घ्यायला उतरलो तेव्हा दुकानदाराने तिसरे वाक्य दिले : “खयसून इलात?”

आता तिन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. साखळीत ‘आयल्यात’, इथे ‘इलात’. गोव्याच्या बाजूला माणूस स्वतःला ‘हांव’ म्हणतो, इकडे ‘मी’. म्हणजे राज्याच्या हद्दीपाशी काही तरी बदलले हे खरे. पण ‘माका-तुका’ दोन्हीकडे आहे. ‘आसा’ दोन्हीकडे आहे. ‘खंय’चा अनुस्वार इकडे जरा सैल होतो, इतकेच. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात या बाजूच्या बोलीला ‘कुडाळी’ म्हटले आहे आणि तिला कोकणी व वरची मराठी यांच्या मधली म्हणून जागा दिली आहे. एकेका लकबीची हद्द वेगळी असते. ‘हांव’ एका ठिकाणी थांबतो, ‘क’ दुसऱ्या, ‘आसा’ तिसऱ्या. कोणतीही दोन गावे घ्या, शेजाऱ्याला शेजारी कळतो. कुठे तरी रेघ मारायचीच म्हटले, तर ती जिथे अनेक लकबी एकदम बदलतात तिथे मारावी लागेल, आणि अशी जागा आमच्या पुढ्यातच उभी होती. तो तिलारीचा घाट.

तिलारी चढायला लागले की चालवणाऱ्याने गप्प बसावे आणि शेजारच्याने त्याला गप्प बसू द्यावे. रस्ता अरुंद, चढ उभा, वळणे इतकी आखूड की पुढचा रस्ता आपल्या डोक्यावर दिसतो. पहिल्या दुसऱ्या गियरवर गाडी कण्हत होती. खाली धरणाचे पाणी, महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांनी मिळून बांधलेल्या प्रकल्पाचे, जंगलाच्या घड्यांत शिरलेले होते. त्याची टोके हाताच्या बोटांसारखी दिसत होती. तिलारीचे पाणी पुढे गोव्यात शापोरा नदी होऊन समुद्राला जाते. या जंगलात हत्ती आहेत. या शतकाच्या आरंभी ते कर्नाटकातून इकडे आले आणि राहिले. दोडामार्ग-चंदगडच्या शेतकऱ्यांच्या केळी-माडांचे त्यांनी जे केले त्याची कथा वेगळी. जवळच रामघाटाची जुनी वाट आहे. आंबोलीचा रस्ता होण्यापूर्वी बेळगावच्या छावणीची वेंगुर्ला बंदराशी ये-जा त्या वाटेने चाले. त्या वाटेवरचे हमाल, बैलवाले, शिपाई ‘कुठून आलात’ हे किती तऱ्हांनी विचारत असतील!

वर आलो. एकदम सपाट, एकदम थंड. कानांतली दडी सुटली. कोदाळीपासून आत्याचे वाचन पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी त्याला खळ पडला नाही. ग्रामपंचायतीचा फलक, प्राथमिक शाळेचा, दूध संस्थेचा, काजू प्रक्रियेच्या कारखान्याचा, ‘वळण आहे, वाहने सावकाश हाका’. तिने ते सगळे वाचले, अर्थासकट, आणि मधेच स्वतःशीच म्हणाली, “हे सगळं कळतंय बघ.” हेऱ्याला पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसाने विचारले :

“कुठनं आलासा?”

मी वही काढली आणि सकाळच्या नोंदीशी ताडून पाहिले. अक्षर न् अक्षर तेच. कणकुंबी कर्नाटकात, हेरे महाराष्ट्रात. मध्ये गोवा आणि तळकोकण, दोन वेगळी रूपे, साठ-सत्तर मैलांचा वळसा. घाटमाथ्यावर वर राहणाऱ्या दोन गावांनी १९५६ पूर्वी जसे विचारले असते तसेच आजही विचारले. बोलीने पुनर्रचनेची दखल घेतलेली नाही.

म्हणून निश्चिंत व्हावे असे मात्र नाही. हेऱ्याच्या मुलाला आपल्या बोलीतून प्रमाण लेखनाकडे जायला वाट आहे. तो ‘कुठनं आलासा’ बोलतो, ‘कुठून आलात’ लिहितो, सात-बारा वाचतो, नोकरीचा अर्ज भरतो. चारही कामे एकाच भाषेच्या चार खोल्यांत होतात. कणकुंबीच्या मुलाच्या घरात पहिली खोली तीच आहे, मराठी शाळेमुळे दुसरीही अजून उघडी आहे. तिसरी आणि चौथी दुसऱ्याच्या घरात आहेत. राज्यघटनेच्या ३५० क कलमाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली आहे, आणि त्या आधारावर ही दुसरी खोली उभी आहे. पण ज्या भाषेत कागद नाही तिच्यातली शाळा कशासाठी, असे आईबापच विचारू लागले आहेत. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांना उत्तर द्यायचे असेल तर कागद द्यावा लागेल.

आत्याच्या घरी पाच वाजता पोचलो. तिच्या नातसुनेने पायांवर पाणी घातले. तांदूळ उतरवले, प्रसाद वाटला, चहा झाला. निघताना आत्याने भाच्याच्या हातात काजूगरांची पुडी दिली आणि मला म्हणाली, “त्या कागदाची एक नक्कल मराठीत करून आण रे. मी मरायच्या आधी एकदा वाचतो.” मी आता ती करतो आहे. भाचा वाचून सांगतो, मी लिहितो. ‘चतुःसीमा’ या शब्दापाशी दोघांनाही थांबावे लागले नाही, तो कन्नड कागदातही तसाच होता.

पाटणे फाट्यावरून शिनोळी ओलांडली तेव्हा अंधार झाला होता. फोनवर दूरसंचार कंपनीचा संदेश येऊन गेला. बाची, तुरमुरी. उचगावच्या फाट्याजवळ दिव्यांच्या झोतात एक फलक चमकला, वर कन्नड, खाली रोमन. भाच्याला कन्नड माझ्यापेक्षा भराभर वाचता येते. त्याने वेग कमी केला.

“मामा, ह्याच्यावर सोन्ने आहे.”

“काय आहे?”

“सोन्ने. टिंब. कन्नडमध्ये अनुस्वाराला शून्य म्हणतात. बघा, ‘गाव’ नाही लिहिलेलं. ‘गांव’ लिहिलंय. उचगांव.”

त्याने ते नाकातून म्हटले, आत्या म्हणते तसे.